नऊ नंबरला हात लावायला

आम्ही गुजरातेत गॅसची विहीर पाहायला चाललो आहोत हे कळल्यावर मोर्शीहून माझ्या धाकट्या भावाचा, सुधाकरचा फोन आला. सुधाकरचा संत्र्याचा बगीचा आहे. बोअरचं पाणी कमी झालं की तो कम्प्रेसरवाल्याला बोलावतो, आत जोरात हवा मारायला लावतो, गाळ उसळून बाहेर येतो आणि बोअर मोकळी होते. त्यामुळे गॅसच्या विहिरीवर कम्प्रेसर बसवलाय म्हटल्यावर त्याला सगळं समजलंच.

"म्हंजे ताई, तिथं गॅसच्या बोअरमंदी हवा मारून राहिले?"

"हो ना," मी म्हणाले.

"मंग त्याच्यात पाहाले काय जाता? इकडे या. आपल्या बगिच्यात दाखवतो."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. त्या विहिरीच्या गॅसवर मी एकोणीस वर्षं पोळ्या भाजल्या, पण ती चालते कशी हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ते आमच्या ह्यांचं खातं होतं. माझं खातं शेगडीपासून सुरू व्हायचं.

हे म्हणजे माझे यजमान. आयटीआय करून खंभातच्या बाजूला गॅसच्या विहिरींवर ऑपरेटर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मी मात्र शेवटची अकरा वर्षं तिथे नव्हते. मुलं मोठी झाली, अमरावतीत चांगले क्लासेस होते, म्हणून मी मुलांना घेऊन इकडे खोली केली. हे तिकडे एकटे. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. मी बोलायची, हे "हो, हो" म्हणायचे. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा कळलं की ह्यांना ऐकूच येत नाही. मशीनच्या आवाजाने दोन्ही कान गेले होते, आणि मला अकरा वर्षांत ते समजलं नव्हतं.

त्यानंतर कानाचं यंत्र घेतलं. ते दोन महिने कानात होतं आणि मग हरवलं. निदान ह्यांनी तरी तसंच सांगितलं. मी कपाटं उपसली, गाद्या उलटल्या. हे शांतपणे पेपर वाचत होते.

आणि डिसेंबरात एका दुपारी त्या मुलीचा फोन आला.

पल्लवी तिचं नाव. अकोल्याची, आईवडलांचा भाजीचा मळा, आई बाजारात भाजी विकते. इंजिनिअर होऊन ही आता आमच्या जुन्या विहिरींवर नोकरीला लागली होती. फोन मीच घेतला आणि स्पीकरवर टाकला. ह्यांच्यासाठी प्रत्येक वाक्य मला पुन्हा ओरडून सांगावं लागत होतं, त्यामुळे शेजाऱ्यांनाही सगळं प्रकरण नीट कळलं.

"काकू, काकांच्या हातचं जुनं रजिस्टर मले सापडलं," ती म्हणाली. "शेऱ्याच्या रकान्यात त्याईनं काय काय लिहून ठेवलं हाय. बाकीच्याईनं पाहून सोडून देल्लं. कोणाले वाचताच येत नाई. त्याईले वाटते, काहीतरी खराब हिंदी हाय."

"काय लिहिलंय?"

"थांबा, वाचते. 'आज नऊ नंबर रुसून राहिली. तिले दम खाऊ द्या. मंग हळूहळू उघडजा. घाई केली तं पाणी फेकते.'" मग ती हसली. "'उघडजा' वाचलं अन् मी खुर्चीतून उठलीच. म्हटलं, हा माणूस आपल्या तिकडचा हाय."

रजिस्टर इंग्रजीत नाहीतर हिंदीत भरायचा नियम होता. हे आकडे इंग्रजीत भरायचे आणि मनातलं वऱ्हाडीत. सारं आयुष्य परप्रांतात काढलेल्या माणसाची ही चूक, पण त्या चुकीमुळेच आम्हाला बोलावणं आलं.

नऊ नंबरची विहीर आता म्हातारी झाली होती. वाहायची थांबली होती. कायमची बंद करून आत सिमेंट ओतायचं ठरत आलं होतं. पल्लवीने साहेबांशी भांडून आठ दिवसांसाठी एक कम्प्रेसर विहिरीच्या तोंडाशी आणून बसवला होता. त्या आठ दिवसांत विहीर एकदा तरी सलग एक दिवस आणि एक रात्र वाहिली पाहिजे, तर ती राहील. नाहीतर सिमेंट. तीन दिवस संपले होते आणि ती सलग एक तासही वाहिली नव्हती.

"मले काय समजते त्याच्यातलं?" हे म्हणाले. "म्या काय इंजिनिअर हाय?" असं म्हणत ह्यांनी माळ्यावरून बॅग काढली, झटकली आणि दोन सदरे आत घातलेसुद्धा.

अकोला, गाडी थांबते तेवढा वेळ

बडनेऱ्याला आम्ही सुरतेची गाडी धरली. माझ्याजवळ संत्र्यांची पेटी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ज्वारीचं पीठ, कारण गुजरातेतली ज्वारी मला आवडत नाही. हे खिडकीशी बसले आणि कापूस वेचून झालेल्या काळ्या शेतांकडे पाहत राहिले. गाडीत शेजारी कुणी बोलायला लागलं की हे मान डोलवतात. समोरच्याला वाटतं, किती समजूतदार माणूस आहे.

अकोल्याला पल्लवीची आई येणार होती. लेकीसाठी काही सामान द्यायचं होतं. गाडी थांबली आणि नऊवारी खोचलेली, चपळ अंगाची एक बाई डब्याचे नंबर वाचत आमच्या दाराशी आली. तिच्या डोक्यावर टोपलं होतं. मी पिशवीची वाट पाहत होते. हिने आख्खं टोपलंच आणलं होतं. वांगी, मेथी, पातीचे कांदे, वर फडकं बांधलेलं.

"हात लाव वं माय," ती खालून म्हणाली.

आमच्याकडे हे कुणीही कुणालाही म्हणू शकतं. शेताच्या धुऱ्यावर, बाजारात, एसटीच्या फाट्यावर. डोक्यावर ओझं घ्यायचं असो की उतरवायचं असो, रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून म्हणायचं, हात लावा. तो थांबतो, हात लावतो आणि आपल्या वाटेने जातो. ओळख लागत नाही, आभार मानायची पद्धत नाही. एरवी माझ्या मनगटात सांधेदुखी आहे, पण त्या शब्दासरशी मी टोपल्याची एक कड धरली. दुसरी कड ह्यांनी धरली. ह्यांना तो शब्द ऐकू आला नसेल, पण डोक्यावर टोपलं घेऊन उभ्या असलेल्या बाईला काय पाहिजे असतं हे सांगावं लागत नाही.

"पोट्टी लय काळजीत हाय जी," ती म्हणाली. "फोनवर सांगत नाई, पण मले समजते. तेवढी थे विहीर चालवून द्या."

"काय म्हणते?" ह्यांनी मला विचारलं.

"विहीर चालवा म्हणते!" मी ओरडले. डब्यातली सगळी माणसं आमच्याकडे पाहायला लागली आणि गाडी सुटली.

सुरतेला गाडी बदलताना संत्र्यांच्या पेटीचं बूड निघालं. संत्री प्लॅटफॉर्मभर पळाली. लोकांनी धावून धावून गोळा करून दिली, आणि तरीही पेटी निम्मी भरली. उरलेली ज्यांच्या नशिबात होती त्यांना गोड लागोत.

मंजुबेनच्या घरी

आणंदहून पुढे जीपने गेलो. तो सगळा सपाट मुलूख आहे. तंबाखूची रुंद पानांची शेतं, मध्येच मिठाने पांढरी पडलेली जमीन, तिच्यावर वेडी बाभळ. आमच्याकडे निदान मेळघाटाची निळी रेघ तरी दिसते. इथे नजरेला अडायला काहीच नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने मी नुसती रडत होते. आता जीपमधून तीच बाभळ दिसली आणि मी मान बाहेर काढून पाहत राहिले. माणसाचं काही सांगता येत नाही.

मंजुबेन आमची शेजारीण. तिचा नवरा ह्यांच्याबरोबर होता, तो आता नाही. कंपनीच्या वसाहतीबाहेर गावात तिने घर बांधलंय. आम्हाला पाहताच ती अंगणातून ओरडली, "काहून एवढा उशीर?"

हिला मराठी मी शिकवली. म्हणजे मी बोलायचे ते हिने उचललं. तिला वाटायचं हीच मराठी. पुढे तिची मुलगी पुण्यात दिली. लग्नात ही विहिणीकडे गेली आणि प्रेमाने म्हणाली, "तुमी काहून बसून राहिल्या? मले पाणी देजा." विहीणबाई दोन दिवस बोलल्या नाहीत म्हणे. मंजुबेन अजूनही त्याचा दोष मला देते.

संध्याकाळी तिने खिचडी-कढी केली. कढी गोड. मी ठेचा काढला. एकोणीस वर्षं आमचं हेच चाललं होतं, ती गूळ घालायची आणि मी मिरची. मग आम्ही दोघी वसाहतीकडे पाय मोकळे करायला गेलो. घरांना कुलपं आहेत, काहींच्या खिडक्या गेल्यात. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत डोकावलं. ओटा आहे, भिंतीतून आलेला गॅसचा नळही आहे. त्याच्या तोंडाला आता लाकडी बूच ठोकलंय.

त्या नळाची मला आधी भीती वाटायची. मोर्शीला चूल होती, कापसाच्या पऱ्हाट्या जाळायच्या, जाळ दिसायचा आणि लाकूडही दिसायचं. इथे भिंतीतून जाळ यायचा. पण पुढे त्या जाळावरून मला दिवस कळायला लागला. जाळ निळा, उंच असला की नऊ नंबर खुशीत आहे. पिवळा पडून बसला की मागच्या ओट्यावरून मंजुबेन हाक द्यायची, "नऊ रुसी!" मग मी ह्यांच्या डब्यात एक पोळी जास्त घालायची, कारण आज घरी यायला उशीर होणार. ड्युटीचा तो तीन पुडांचा डबा घेऊन मी तारेच्या कुंपणापर्यंत जायची. आत बायकांना परवानगी नव्हती. कुंपणावर पाटी होती, गुजरातीत आणि हिंदीत. कशालाही हात लावू नये.

"किती चांगले दिवस होते," मंजुबेन म्हणाली.

"तेव्हा तर सारखी म्हणायचीस, कुठल्या जंगलात आणून टाकलं."

"तू पण म्हणून राहिली होती."

आम्ही खूप हसलो. त्या घरात मी तरुण होते. हे परत मिळणार नाही याचं मला त्या क्षणी सरळ सरळ वाईट वाटलं.

तारेच्या आत

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी आम्हाला घ्यायला आली. बारीक चणीची, डोळ्यांखाली काळं, डोक्यावर हेल्मेट. टोपल्यातली मेथी पाहून तिने ती नाकाशी धरली. फाटकाशी आमची नावं लिहिली, मोबाइल ठेवून घेतले, आम्हालाही हेल्मेट दिलं. आणि जन्मात पहिल्यांदा मी त्या कुंपणाच्या आत गेले.

गॅसच्या विहिरीत डोकावायला काही नसतं. जमिनीतून वर आलेला पुरुषभर उंचीचा लोखंडी खांब, त्याला गोल चाकांचे व्हॉल्व्ह आणि बाजूला निघालेला पाइप. एवढीच नऊ नंबर. तिच्याशेजारी लोखंडी चौकटीवर बसवलेला, ट्रकएवढा कम्प्रेसर.

"म्हणजे हा आत हवा मारणार आणि गॅस उसळून येणार," मी सुधाकरचं ज्ञान पुढे केलं.

पल्लवी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "काकू, उलटं हाय. हवा आत गेली तं घात होईन. आपण आत काही मारून नाई राहिलो, ओढून राहिलो."

मग तिने समजावलं. विहिरीत गॅस अजून आहे, पण जमिनीतला त्याचा जोर कमी झालाय. पुढच्या मोठ्या पाइपात मात्र इतर विहिरींच्या गॅसचा दाब भरलेला असतो. तो दाब नऊ नंबरच्या तोंडावर बसून राहतो. गॅसला वर यायला बळ पुरत नाही, आणि गॅस हळू आला की त्याच्याबरोबरचं पाणी वर न येता तळाशी साठतं. त्या पाण्याच्या वजनाखाली विहीर गप्प होते. कम्प्रेसर विहिरीच्या तोंडावरचा दाब कमी करतो, तिथला गॅस ओढून घेतो आणि दाबून पुढच्या पाइपात घालतो. जोर त्याचा, गॅस विहिरीचा.

"मायच्या डोक्यावर टोपलं असते ना," ती म्हणाली, "चालते थे स्वतःच. पण उचलताना कोणीतरी हात लावा लागते. कम्प्रेसर तेवढंच करते. हात लावते."

मला एका वाक्यात सगळं कळलं. हे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "हात लावते म्हणते!" ह्यांनी पल्लवीकडे पाहिलं आणि मान डोलवली. ती मान गाडीतल्यासारखी उगाच डोलवलेली नव्हती.

कम्प्रेसर सुरू झाला तेव्हा आम्हा सगळ्यांच्या कानांवर जाड कानपट्ट्या चढवल्या. आणि मग मी एक गंमत पाहिली. तिथे आता सगळेच बहिरे होते. पल्लवी, जुना ऑपरेटर रणछोडभाई, सगळे हातवारे करत होते, चुकत होते, एकमेकांजवळ जाऊन कानपट्ट्या वर करत होते. फक्त हे निवांत होते. मूठ वळली की थांबा, पंजा सपाट धरला की असंच चालू द्या, दोन बोटं फिरवली की थोडं उघडा. घरी जेवताना ताटाकडे बोट दाखवणारा हा माणूस इथे पट्टीच्या वक्त्यासारखा बोलत होता.

पण विहीर ऐकेना. गॅस यायला लागला की वीस-पंचवीस मिनिटांत पाण्याचा लोंढा यायचा. कम्प्रेसरच्या आधी एक उभी टाकी आहे, तिथे गॅसमधलं पाणी वेगळं होतं. ती टाकी भरायची आणि मशीन आपोआप बंद पडायचं, कारण पाणी आत गेलं तर मशीन फुटेल. दुपारपर्यंत तीनदा बंद पडलं. तिसऱ्या वेळी पल्लवीने हेल्मेट काढलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. दोनच दिवस उरले होते.

हे बाभळीखाली बसले होते. "तुमी घाई करून राहिले," ते तिला म्हणाले. "एकदम ओढता. तिच्या पोटात किती दिवसाचं पाणी हाय. बंद करा तिले. दम खाऊ द्या. सकाळी हळूहळू उघडू."

"काका, आख्खी रात्र बंद ठेवली तं वेळ जाते ना. साहेब इचारतीन."

ह्यांनी काही ऐकलं नाही, म्हणजे ऐकू आलं नाही. मी ओरडून सांगणार होते, तेवढ्यात तिने बॅगेतून ते जुनं रजिस्टर काढलं, शेऱ्याचा रकाना पुन्हा वाचला आणि रणछोडभाईंना म्हणाली, "बंद कर दीजिए."

पाण्याचा लोंढा

सकाळी थंडी होती. बंद ठेवल्यामुळे विहिरीच्या तोंडावरच्या, दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा थोडा वर सरकला होता. तिने जोर साठवला होता. रणछोडभाईंनी व्हॉल्व्हचं चाक केसभर फिरवलं. कम्प्रेसर अगदी हळू चालवायला ठेवला.

इतकी वर्षं हे काम ह्यांनी कानाने केलं होतं. पाणी यायला लागलं की पाइपातला सूं असा आवाज बदलतो, आतून गुडगुड येते, आणि ती टाकीपर्यंत पोचायच्या आत चाक थोडं आवळायचं. हे मला मंजुबेनच्या नवऱ्याने एकदा सांगितलं होतं. तुमचा माणूस विहीर ऐकतो, म्हणायचा. आता हे पाइपाजवळ उभे राहिले, मान वाकडी केली, सवयीने कान पुढे केला. कानपट्टी काढली तरी फरक पडणार नव्हता. मी ह्यांचा चेहरा पाहिला. घरी पेपरमागे जो चेहरा हे लपवतात तो मी त्या दिवशी पाहिला आणि मला माझ्या सगळ्या ओरडण्याची लाज वाटली.

मग ह्यांनी उजवा हातमोजा काढला आणि पाइपाकडे हात नेला.

रणछोडभाई धावलेच. कानपट्टी वर करून ओरडले, "काका, हाथ नहीं लगाना! मना है!" त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांचंही बरोबर होतं. कम्प्रेसरमधून बाहेर जाणारा पाइप तापून लाल व्हायचा तेवढा बाकी असतो. हे ओशाळले. शाळेत छडी खाल्लेल्या मुलासारखा हात मागे घेतला.

पल्लवी पुढे आली. हा विहिरीकडून येणारा पाइप आहे, गार असतो, हे तिला माहीत होतं. तरी तिने आधी स्वतःचा तळवा टेकवून पाहिला. मग ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि ओठ मोठे करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "काका. हात. लावा."

ह्यांनी तळवा पाइपावर ठेवला आणि डोळे मिटले.

पुढचे दोन-अडीच तास मी लोखंडी स्टुलावर बसून एका हाताकडे पाहत होते. डावा हात हवेत, पंजा सपाट. असंच चालू द्या. मध्येच दोन बोटं फिरायची, रणछोडभाई चाक थोडं उघडायचे. मग एकाएकी मूठ वळली. रणछोडभाईंनी चाक आवळलं, आणि थोड्या वेळाने टाकीच्या काचेत पाणी चढताना दिसलं. चढलं, चढलं, लाल रेघेच्या बोटभर खाली थांबलं आणि तळातून वाहून गेलं. मशीन बंद पडलं नाही. दुसरा लोंढा आला. तिसरा. पल्लवीने दर वेळी माझा दंड धरला होता, तिथे नंतर निळं पडलं. पाचव्या की सहाव्या वेळेनंतर ह्यांचा पंजा सपाट झाला तो सपाटच राहिला.

दुपारी पल्लवीने त्यांना सक्तीने बसवलं. आता विहीर आपली आपण चालली होती. कम्प्रेसर एका सुरात होता. "आता फक्त उद्या दुपारपर्यंत," ती म्हणाली आणि कोरडे ओठ चाटले.

त्या रात्री मंजुबेनने हलवासन ही खंभातची मिठाई आणून ठेवली होती. कुणी हात लावला नाही. ती म्हणाली, "नऊ वाहिली की खाऊ." आम्ही लवकर झोपलो. निदान आडवे झालो.

सकाळी चहा होतो न होतो तोच पल्लवीची गाडी अंगणात आली. ती फोन करू शकली असती. पण फोनवर ह्यांना कळलं नसतं. तिने गाडी स्टँडवरही लावली नाही, एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताचा पंजा हवेत सपाट केला.

दुपारी मुदत पुरी झाली तेव्हा आम्ही तिथेच होतो. साहेब आले, घड्याळं पाहिली, कागदावर सही केली. विहीर राहिली, कम्प्रेसर राहिला. पल्लवीने आईला फोन लावायला फाटकाकडे धूम ठोकली. जाताना ते जुनं रजिस्टर ह्यांच्या हातात ठेवून गेली, शेरा लिहा म्हणून. ह्यांनी विचार करून लिहिलं, "नऊ नंबर आज चालून राहिली. हात लावला." खाली सही.

मग ह्यांनी मला खूण केली. ये. मी पाटीकडे पाहिलं. ह्यांनी माझा हात धरला आणि त्या गार पाइपावर ठेवला.

बारीक थरथर होती. सारखी, न थांबणारी. माझ्या शेगडीपर्यंत एकोणीस वर्षं येत होती ती हीच. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे.

बाहेर बाभळीखाली आल्यावर ह्यांनी कानपट्टी काढली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुहा फोन ये ना संध्याकाळी, तवा असंच होये. तू काय म्हणते थे समजे नाई. फोन नुसता थरथरे हातात. पण तू बोलून राहिली, हे समजे. म्हून म्या हो म्हणो."

 मी बोलले असते तर ओरडावं लागलं असतं, ते त्या वेळी नको वाटलं.

अमरावती

येताना सगळं हलकं होतं. पेटी नव्हती. मंजुबेनने हलवासन, सूतरफेणी आणि गूळ दिला होता. अकोल्याला पल्लवीची आई रिकामं टोपलं घ्यायला आली होती. "चालली म्हणते जी विहीर!" ती खालूनच ओरडली. ह्यांनी दारातून पंजा सपाट करून दाखवला. तिला त्याचा अर्थ कसा कळला कोण जाणे, पण तिनेही तसाच पंजा केला आणि गाडी सुटेपर्यंत दोघं तसेच उभे होते.

घरी येऊन मी आधी सुधाकरला फोन केला आणि हवा मारत नाहीत, ओढतात, हे सांगितलं. "ओढतात?" तो म्हणाला. "मंग गाळ कसा निघन?" त्याला मी पुढच्या मोर्शीच्या फेरीत समजावणार आहे. सोबत टोपलं नेईन.

फोन ठेवून वळले तर हे स्टुलावर चढले होते. माळ्यावरून ड्युटीचा जुना तीन पुडांचा डबा काढला, खाली उतरले आणि झाकण उघडलं. मधल्या पुडात, रुमालात गुंडाळलेलं, कानाचं यंत्र होतं. मी सगळं घर शोधलं होतं, पण तो डबा मी भरायचा आणि त्यांनी उघडायचा, अशीच सवय होती.

ह्यांनी ते दोन बोटांत धरलं, कानाशी नेलं, दोनदा निसटलं. मग माझ्यापुढे येऊन मान वाकडी करून उभे राहिले.

"हात लाव वं," म्हणाले.